मंत्रिमहोदय, परळमध्ये फेजचा संग्रह उभा करा

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फेजचा, सार्वजनिक संग्रह परळच्या हाफकिन संस्थेत उभा करावा आणि ज्यांच्यावर कुठलेच अँटिबायोटिक चालेनासे झाले आहे अशा रुग्णांपर्यंत तो पोहोचवण्याची वाट शासनाने आखून द्यावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

फेज काय करतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राची मुले प्रॅक्टिकलला डोळ्यांनी पाहतात. सांडपाण्याचा नमुना आणायचा, बारीक गाळणीतून गाळायचा, ई. कोलाय जिवाणूंबरोबर डिशमधल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ओतायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा. सकाळी जिवाणूंच्या दाट, धुरकट थरात गोल, नितळ डाग पडलेले असतात. फेज जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. नव्या प्रती शेजारच्या जिवाणूंवर तुटून पडतात. दरवर्षी हा प्रयोग होतो, जर्नलमध्ये लिहिला जातो, सही होते आणि ती डिश ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाते. याच्या पुढचे पाऊल टाकायला या शहरात जागाच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण दुसऱ्या बाजूला रुग्णालयांतले कल्चर रिपोर्ट आहेत, म्हणजे रुग्णाच्या जिवाणूवर कोणते औषध चालते हे सांगणारे तपासणी अहवाल. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. क्लेबसिएला, ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू. शस्त्रक्रियेनंतर, केमोथेरपीत किंवा आयसीयूतल्या दीर्घ मुक्कामात ते तिथून रक्तात, लघवीच्या मार्गात शिरतात. कार्बापेनेम या राखीव, प्रभावी अँटिबायोटिक्सना निकामी करणाऱ्या ज्या विकराला (एन्झाइमला) जगाने दिल्लीचे नाव दिले, तो एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) बनवणारे जिवाणू मुंबईच्या रुग्णांतही २०१०मध्येच नोंदले गेले. मग हाती उरते कोलिस्टिन, मूत्रपिंडांना इजा करू शकणारे जुने औषध. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

आतड्याच्या बाबतीत फेजचे मोल अधिक वाटते, ते यामुळे. तीव्र अँटिबायोटिक आतड्यातले उपकारक जिवाणूही साफ करते आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा त्रासदायक जिवाणू फोफावतो. फेज मात्र ठरावीक जातीच्या, अनेकदा तिच्यातल्याही ठरावीक वाणांच्याच जिवाणूंना मारतो, बाकीच्यांना हात लावत नाही. २०२२मध्ये इस्राएलच्या वाइझमान संस्थेतील संशोधकांनी आतड्याच्या दाहाशी निगडित क्लेबसिएलाविरुद्ध पाच फेजचे मिश्रण तयार केले. उंदरांमध्ये त्याने दाह कमी झाला.

हे शास्त्र आपल्याकडे परके नाही. १८९६मध्ये ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, असे नोंदवले; त्यामागे फेज असावेत, असे पुढे अनेकांनी मानले. १९१७मध्ये पॅरिसमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द’हेरेल यांनी आमांशाच्या रुग्णांचे नमुने तपासताना फेज शोधून काढले. १९२७मध्ये हेच द’हेरेल पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर फेज वापरत होते. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि जगातल्या बहुतेक देशांनी हा मार्ग सोडला. जॉर्जियातल्या तिबिलिसीने सोडला नाही. तिथल्या एलियावा संस्थेत १९२३पासून हे काम चालू आहे आणि भारतातूनही रुग्ण तिथवर गेले आहेत. ज्याच्या खिशात विमानाचे तिकीट नाही, त्या केईएम, सायन किंवा नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतल्या रुग्णाने कुठे जायचे?

फेज म्हणजे रामबाण, असे मी म्हणत नाही. ढाक्यात अतिसाराच्या १२० मुलांवर झालेली चाचणी २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडावाटे दिलेले फेज सुरक्षित ठरले, पण मुले लवकर बरी झाली नाहीत. फेज आतड्यात फारसे वाढले नाहीत आणि अनेक मुलांत ई. कोलाय हे आजाराचे मुख्य कारण असल्याचे दिसले नाही. मला ही चाचणी फार मोलाची वाटते. आधी रुग्णाचा जिवाणू नेमका ओळखायचा, त्याच्यावर चालणारा फेज डिशवर तपासायचा आणि मगच द्यायचा, हे तिने शिकवले. पोटातल्या आम्लापासून फेजला वाचवावे लागते. जिवाणू फेजलाही दाद देईनासे होतात, म्हणून मिश्रण लागते. काही फेज जिवाणूच्या जनुकांत मुक्काम ठोकतात, कॉलऱ्याच्या विषाचे जनुक तर अशाच एका फेजने आणलेले आहे. त्यामुळे प्रत्येक फेजची जनुकीय तपासणी झाल्याशिवाय तो रुग्णाजवळ नेता कामा नये. हे एखाद्या खासगी दवाखान्याच्या आवाक्यातले काम नाही. ते सरकारी संस्थेनेच करायला हवे.

आणि त्यासाठी हाफकिनइतकी योग्य जागा नाही. प्लेगने मुंबई हादरली असताना वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९पासून त्यांची प्रयोगशाळा परळला आहे. ही संस्था आपल्याच राज्याची आहे. मुंबईचे सांडपाणी हा फेजचा न आटणारा साठा. भांडुप, घाटकोपर, वरळी, वर्सोवा इथल्या सांडपाणी केंद्रांतून नमुने घ्यावेत. महापालिकेच्या आणि शासनाच्या रुग्णालयांनी औषधांना न जुमानणारे जिवाणू टाकून न देता, रुग्णाची ओळख काढून, हाफकिनकडे पाठवावेत. कोणता फेज कोणत्या जिवाणूवर चालतो, याची नोंद झाली की दोन-तीन वर्षांत कामाचा संग्रह उभा राहू शकेल, असे माझे मत आहे.

नव्या औषधाची परवानगी केंद्राच्या हाती आहे, हे मी जाणते. फेजचे मिश्रण रुग्णागणिक बदलते आणि एकाच ठरलेल्या गोळीसाठी आखलेल्या मंजुरीच्या चौकटीत ते बसत नाही. बेल्जियमने यावर तोडगा काढला: तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधनिर्माता फेजचे मिश्रण बनवतो आणि फेजच्या गुणवत्तेची तपासणी सरकारमान्य प्रयोगशाळा करते. महाराष्ट्राने असा प्रस्ताव केंद्रीय औषध नियंत्रकांकडे पाठवावा. नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि निकाल चांगला येवो वा वाईट, तो जाहीर करण्याची अट, हे सगळे त्यात असावे.

स्वच्छ पाणी, हात धुणे, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न विकणे, ही कामे यामुळे थांबायला नकोत, हे वेगळे सांगायला नको.

आपण हाफकिनचे संचालक, महापालिकेच्या रुग्णालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभागप्रमुख आणि अन्न व औषध प्रशासन यांची एक बैठक बोलवावी, ही विनंती. नमुने गोळा करून फेज वेगळे काढण्याचे पहिले काम आमच्यासारखी महाविद्यालये करू शकतात. आमची मुले ते आजही करतात. त्यांनी काढलेले फेज कुठे जमा करायचे, तेवढे शासनाने सांगावे.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका, मुंबई