दिवाळीचं सामान लगेच कचऱ्यात टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी कचऱ्याचा नुसता डोंगर लागतो, मिठाईचे खोके, झेंडूची तोरणं, तुटलेले आकाशकंदील, ऑनलाइन शॉपिंगचे बॉक्स, लायटिंगच्या माळा, आणि या सगळ्यावर कुणीतरी फराळाचं उरलेलं, वास मारणारं तेल ओतलेलं. एकदा ते तेल खोक्यांना लागलं की रद्दीवालाही त्याला हात लावत नाही. नाहीतर त्यातल्या अर्ध्या वस्तू कुणाच्या ना कुणाच्या कामाच्या होत्या, म्हणून हे लिहायला बसले.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवराआवरी करताना पहिल्या दिवसापासून गोष्टी वेगळ्या ठेवा, बाकी सगळं आपोआप सोपं होतं. ओला, सुका असा कचरा घरातच वेगळा करायचा हा नियम २०१६ पासून देशभर लागू आहे, म्हणजे हे कुणाचं वेड नाही. मी लक्ष्मीपूजनाच्या आधीच बाल्कनीत तीन जुन्या पिशव्या अडकवून ठेवते, एक कागद-पुठ्ठ्याची, एक वायर, सेल, बल्बची आणि एक कपड्यांची. फुलं आणि ओलं सगळं बादलीत.

फुलांचं आधी सांगते कारण तीच सगळ्यात जास्त असतात. तोरणाचा दोरा आधी कापून बाजूला काढा, हल्ली तो बहुतेक नायलॉनचा असतो आणि खतात वर्षानुवर्षं तसाच राहतो, शिवाय मधे मधे ओवलेली चमकी, प्लॅस्टिकचे मणी पण काढा. मग पाकळ्या सुट्या करून जुन्या कुंडीत एक थर फुलांचा, एक थर वाळलेल्या पानांचा किंवा फाडलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याचा, वर मूठभर माती आणि थोडं आंबट ताक. दीड-दोन महिन्यांत छान काळं खत होतं, वास येत नाही, वास आला तर ओलं जास्त झालंय असं समजून अजून पानं घालायची. थोडी फुलं मी सावलीत वाळवून ठेवते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडीत चुरगाळते, बाजारातल्या झेंडूचं बी सगळं नाही उगवत पण जेवढं उगवतं तेवढं दसऱ्याला पुरतं. एक मात्र लक्षात ठेवा, फटाक्यांचा कागद आणि राख खतात अजिबात नको, त्यात बेरियमसारखी रसायनं असतात, आणि रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती कुजणार कशी? रांगोळी पुसायच्या आधी कोरड्या कुंच्याने गोळा करून चाळून बाटलीत भरली की जो काही मिश्र रंग होतो तो पुढच्या वर्षी बॉर्डर भरायला चालतो.

पणत्या आणि तेल, यांची मी एकत्रच सोय लावते. तळणीचं तेल फडक्यातून गाळून घ्यायचं, चांगलं असेल तर तीन-चार दिवसांत फोडणीला संपवायचं, पण काळपट झालेलं, धूर सोडणारं तेल परत परत तळायला वापरू नका, तब्येतीला वाईट आहे. असं तेल सिंकमध्ये तर मुळीच नको, त्यात डालडा असेल तर पाइपमध्ये थिजून बसतं आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. आमच्याकडे ते पणत्यांमध्ये जातं. दिवाळी संपली तरी तुळशीचं लग्न असतं, त्रिपुरारी पौर्णिमा असते, तेव्हा अंगणात आणि जिन्यात तेच तेल जळतं (देवापुढे मात्र ताजं तेल, घरी सासूबाईंचं ऐकावं लागतं आणि मलाही ते पटतं). पौर्णिमेनंतर पणत्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या की तेलकटपणा जातो, फुटक्या असतील त्यांचे तुकडे कुंडीच्या तळाशी भोकावर ठेवायचे. हॉटेलवाल्यांकडचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, कार्यक्रम २०१८ पासून आहे, घराघरांतलं तेलही असं सोसायटीवार गोळा झालं तर किती बरं होईल.

आता आकाशकंदील. बांबूच्या काड्यांचा असेल तर त्याचा सांगाडा दहा वर्षं सुद्धा टिकतो, फाटतो तो फक्त पतंगी कागद. कागद भिजवून काढून टाका, सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी खळ करून मुलांना हाताशी घेऊन नवा कागद आणि झिरमिळ्या चिकटवा. माझ्या मुलाने चौथीत असताना केलेला सांगाडा अजून आहे, तो आता इंजिनियर झालाय. मुलांचा किल्ला मोडताना पण माती पोत्यात भरून ठेवा, वर पेरलेल्या अळिवासकट ती कुंड्यांना चालते, आणि मावळे धुऊन डब्यात.

लायटिंगची माळ बंद पडली की लोक सरळ फेकतात. बऱ्याच वेळा एखादी वायर सुटलेली असते किंवा एखादा एलईडी गेलेला असतो, कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन थोड्या पैशात टाका मारून देतो. अगदीच गेली तर ती ई-कचऱ्यात द्या, साध्या कचऱ्यात नको, कारण पुढे कुणीतरी तांब्यासाठी ती वायर उघड्यावर जाळतं आणि तो प्लॅस्टिकचा विषारी धूर त्याच्याच पोराबाळांच्या छातीत जातो.

कपड्यांसाठी आपल्याकडे बोहारीण होतीच की. आमच्या गल्लीत अजूनही एक मावशी येतात, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, दोन पँटी आणि एक साडी दिली की एक पातेलं, घासाघीस होते पण कपडे पुढे कुणाच्या तरी अंगावर जातात हे महत्त्वाचं. त्यांना देताना धुऊन, बटणं लावून द्या. सुती साड्या मात्र मी देत नाही, त्यांची गोधडी. माझी आई साताऱ्याकडची, ती वाकळ म्हणायची, चार जुन्या साड्या एकावर एक आणि धावदोरा, चार दुपारी बसलं की बाळाचं दुपटं तयार होतं आणि विकतच्या कुठल्याच ब्लँकेटला त्याची ऊब नाही.

मिठाईच्या खोक्यांना चकचकीत प्लॅस्टिकचा थर असतो म्हणून त्यांचा पुन्हा कागद होणं अवघड, ते ड्रॉवरमध्ये कप्पे करायला वापरा, औषधं, बटणं, स्क्रू सगळं मावतं. साधे पुठ्ठ्याचे बॉक्स टेप काढून चपटे करून कोरडे द्या. दिवाळी अंक वाचून झाले की रद्दीत नको, जवळच्या वाचनालयात किंवा वृद्धाश्रमात फोन करून विचारा.

हे सगळं मी शिकले त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी फुटलेली काचेची बरणी मी तशीच सुक्या कचऱ्यात टाकली, आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी पिशवीत हात घातला आणि तळव्याला तीन टाके पडले. त्या मला काही बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी पट्टी बांधून परत कामावर आल्या. आपल्या पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, या बायकांनी स्वतःच्या कामाला मान मिळवला, आणि आपण त्यांच्या हातात काचा देतो. तेव्हापासून काच मी पेपरच्या चार घड्यांत गुंडाळून वर लाल पेनाने मोठं 'काच' लिहिते आणि पिशवी हातात देताना तोंडानेही सांगते.

आपल्याला एक विनंती आहे. तुळशीच्या लग्नाच्या आधी आपल्या पेपरात एक छोटी चौकट छापाल का, कुठल्या भागात ई-कचरा कधी आणि कुठे घेतात, जुने सेल कुठे द्यायचे, घरचं वापरलेलं तेल कुणी घेतं का. कात्रण काढून मी आमच्या लिफ्टमध्ये लावते, शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये पण देते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे