पाकिटावरचं तिकीट कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरात जुनं टपाल पाकीट असेल तर लखपती व्हाल’ अशा अर्थाचा एक व्हिडिओ सध्या मोबाइलवर फिरतो आहे. मी पाकिटं जमवते हे आमच्या चिपळुणात बऱ्याच जणांना ठाऊक असल्यामुळे गेल्या महिनाभरात तिघे जण माझ्याकडे येऊन गेले. तिसरा मुलगा पंचविशीतला होता. त्याने पिशवीतून कागदाचा एक चौकोनी तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर लोकमान्य टिळकांचं १९५६ सालचं तिकीट होतं, दोन आण्यांचं. २३ जुलै १९५६ ला, लोकमान्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी ते निघालं. तुकड्यावरच्या शिक्क्याचा फक्त ‘जुलै ५६’ एवढा भाग शिल्लक होता. तारीख आणि गावाचं नाव कात्रीच्या पलीकडे राहिलं होतं. मी विचारलं, “बाकीचं पाकीट?” तो म्हणाला, “मावशी, तिकिटालाच किंमत असते ना? पाकीट फाडून टाकलं.” त्याच्या आजोबांनी कदाचित त्याच दिवशी रत्नागिरीतून, टिळकांच्या जन्मगावातून, ते पाकीट टाकलं असेल. आता ते कळायला मार्ग नाही.

हे पत्र लिहायला बसले ते त्या तुकड्यामुळे.

तिकीट ज्या दिवशी विक्रीला येतं, त्याच दिवशीचा शिक्का बसलेलं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर. टपाल खात्याचं चित्र छापलेलं पाकीट आणि त्यावर खास सचित्र शिक्का असला तर उत्तमच, पण साधं पाकीटही चालतं. तिकीट, शिक्का, तारीख, गाव आणि कागद ही सगळी मिळून एक वस्तू असते. तिकीट कापून घेतलं की हातात उरतं ते एक वापरलेलं तिकीट, आणि तसली वापरलेली तिकिटं ढिगाने मिळतात.

हे मला पुरात नीट कळलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा पाकिटांची पत्र्याची पेटी कपाटाच्या खालच्या खणात होती. तिसऱ्या दिवशी ती उघडली, तर वर चिखल आणि खाली लगदा. कोरी तिकिटं मागच्या गोंदाने एकमेकांना अशी चिकटली होती की त्यांची वडी झाली होती. पाकिटं मात्र बरीचशी वाचली. परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक पाकीट त्यात अलगद सोडलं, चिखल सुटू दिला, शाळेतून निवृत्त होताना आणलेल्या टीपकागदात ठेवलं, वर पाट आणि पाटावर तांदळाचा डबा. रोज टीपकागद बदलायचा. वर्तमानपत्राचा कागद मुद्दाम टाळला, कारण ओल्या पाकिटावर त्याची शाई उतरते.

त्यातलंच एक पाकीट १८ एप्रिल १९५८ चं. महर्षी कर्व्यांना त्या दिवशी शंभर वर्षं पूर्ण झाली आणि टपाल खात्याने त्यांचं पंधरा नव्या पैशांचं तिकीट काढलं. अण्णा कर्वे तेव्हा हयात होते. जिवंत भारतीय माणसाचं तिकीट निघण्याची ती पहिलीच वेळ. माझी आई त्यांच्याच हिंगण्याच्या आश्रमात शिकलेली. तिच्या तिथल्या मैत्रिणीने त्या शुक्रवारी पुण्यात तिकीट घेऊन साध्या पांढऱ्या पाकिटावर लावलं आणि आईला पाठवलं. मागच्या बाजूला चिपळूण पोस्टाचा पोचल्याचा शिक्का आहे, २१ एप्रिलचा.

परातीत ते तिकीट सुटलं आणि पाण्यावर तरंगू लागलं. माझ्या पोटात गोळाच आला. पण शिक्क्याचं वर्तुळ अर्धं तिकिटावर आणि अर्धं पाकिटावर उमटलेलं होतं. ते दोन अर्धे जुळवले तेव्हा तिकिटाची जागा केसभरही चुकली नाही. संग्राहक शिक्का दोन्हींवर पडलेला आहे की नाही हे का बघतात, ते त्या दिवशी उमगलं. मी तिकीट पुन्हा डकवलेलं नाही, पारदर्शक पाकिटात जागेवर नुसतं ठेवलं आहे. कुणी डकवलं असेल तर विकताना तसं सांगायला हवं, नाहीतर ती फसवणूक होते.

शिक्क्याची शाई तेलकट असल्यामुळे ती पाण्याला बधली नाही. पत्ता दौतीच्या निळ्या शाईतला होता, तो वाहून गेला. गावातल्या एका दुकानदाराने “लॅमिनेट करून देतो, जन्मभर टिकेल,” असं सुचवलं. कृपा करून कुणी हे करू नका. प्लॅस्टिक तापवून कागदाला चिकटवलं की ते पुन्हा निघत नाही आणि पाकीट संग्रहातून बाद होतं. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग कागदात मुरतो. वास येणारे मऊ पीव्हीसीचे कप्पे तर अजिबात नकोत. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे कप्पे वापरावेत आणि पाकिटं उभी ठेवावीत. आमच्या कोकणात पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी सगळी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, नाहीतर गंजासारखे ठिपके पडतात.

किमतीचंही सांगते, कारण लोक त्यासाठीच येतात. गेल्या चाळीसेक वर्षांतली बहुतेक सरकारी पाकिटं भरपूर निघालेली आहेत, त्यांचे कुणी लाख देणार नाही. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातलं एक दहा रुपयांचं होतं, आणि तेवढे पैसे पाकिटावर घालणं तेव्हा कितीजणांना परवडणार? म्हणून चारही तिकिटं असलेलं त्या दिवसाचं पाकीट मोलाचं, आणि म्हणूनच त्यात बनावटही फार. जाणकाराला दाखवल्याशिवाय असलं पाकीट घेऊही नये, देऊही नये. व्यापारी कोऱ्या, बिनपत्त्याच्या पाकिटाला जास्त भाव देतात. मला ते पटत नाही. प्रवास केलेल्या, पोचल्याचा शिक्का असलेल्या पाकिटाचा मान मोठा, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नवीन तिकीट निघण्याच्या आठवडाभर आधी तारीख आणि विषय एवढी दोन ओळींची चौकट छापा. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत तिकीट निघाल्याचं कळतं तोवर पहिला दिवस उलटून गेलेला असतो.

आईचं ते पाकीट मी परवा त्या मुलाला दाखवलं. पत्त्याची शाई गेली आहे, पण खिडकीपाशी तिरकं धरलं की निबाने कागदात पडलेली खोच दिसते. त्याने ते बराच वेळ धरून पाहिलं आणि पहिलं अक्षर वाचलं: “सौ.”

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण