आवाज समोर ढकलला म्हणजे कमी झाला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झाला आणि तेव्हापासून बघतोय, बंदुकीच्या नळीला लावायच्या सगळ्याच वस्तू लोक एका माळेत ओवतात, लिनियर कॉम्पेन्सेटर (आवाज समोर ढकलणारा नळीच्या टोकाचा तुकडा) पण सायलेन्सरच आणि आता सगळं खुलं झालं असं बिनधास्त सांगतात. दोन्ही चूक आहे. टॅक्स गेला, नोंदणी नाही गेली. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली ती अजून लागतेच आणि बिननोंदणीचा सायलेन्सर सापडला तर १० वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

कॉम्पेन्सेटरचं काम वेगळं. गोळीमागून जो तापलेला गॅस सुटतो तो मझल ब्रेक (हाही नळीच्या टोकालाच लावतात) बाजूला नि मागे फेकतो, त्याने खांद्याला धक्का कमी बसतो पण नेमबाजीच्या मैदानात शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या कानाची वाट लागते. लिनियर कॉम्पेन्सेटर तोच गॅस नि तोच धमाका समोर ढकलतो. मागे उभ्या असलेल्याला आवाज कमी वाटतो, पण तो नाहीसा होत नाही, फक्त तोंड फिरतं. म्हणून कृपा करून कोणी कानावरचे मफ काढू नका, रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या सहज वर जातो आणि तिथे एक बारसुद्धा कान कायमचे खराब करू शकतो.

खरी अडचण कायद्याच्या व्याख्येत आहे. बंदुकीचा आवाज बंद, दबका किंवा कमी करणारी कुठलीही वस्तू म्हणजे सायलेन्सर, असं तो म्हणतो. कमी म्हणजे कुठे उभं राहून ऐकलं तर? ते त्यात नाही. इनोव्हेटर एंटरप्रायझेस या कंपनीचा ब्रेक एटीएफने (बंदुकांचे नियम बघणारं अमेरिकी सरकारी खातं) सायलेन्सर ठरवला तो आवाज न मोजताच, रचनेतल्या तीन गोष्टी सायलेन्सरसारख्या दिसल्या म्हणून, आणि २०१४ मध्ये न्यायाधीश बेट्स यांनी तो निर्णय रद्द केला, हत्तीशी तीन गोष्टी जुळल्या म्हणून उंदराचा हत्ती होत नाही अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं, आणि माझ्या मते अगदी बरोबर लिहिलं. पण सिग सॉअर या बंदूक कंपनीच्या ब्रेकबाबत २०१६ मध्ये अपील कोर्टाने एटीएफचीच बाजू उचलून धरली, कारण तो सायलेन्सरच्या आतला भागच आहे असं खात्याचं म्हणणं होतं. मग साध्या गिऱ्हाइकाने काय समजायचं? चूक झाली तर जेलमध्ये तोच जाणार ना!

माझं म्हणणं एवढंच, की एटीएफने आवाज समोरून, बाजूने नि मागून मोजावा आणि किती फरक पडला की सायलेन्सर धरणार तो आकडा छापून जाहीर करावा. आणि राज्यांचं आणखी वेगळंच, न्यूयॉर्कच्या २०१३ च्या कायद्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर बंदीला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत कॉम्पेन्सेटर हा शब्दच आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यात चालतो म्हणून आपल्या राज्यातही चालेल असं धरू नये. घ्यायच्या आधी बनवणाऱ्याकडे एटीएफचं वर्गीकरणाचं पत्र आहे का ते विचारावं.

आपला,
एक वाचक