गंग्या पुन्हा पंचवटीत गेला

नाशिक,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

आधी कबुली देतो, मग बाकीचं. २३ नोव्हेंबरला चिन्मयच्या साखरपुड्याला आलो नाही आणि तुला फोनवर सांगितलं की कंपनीत ऑडिट लागलंय. ऑडिट नव्हतं. बॅग भरलेली होती, मीनाने चिन्मयसाठी घेतलेली चांदीची वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून आत ठेवली होती. शनिवारी पहाटे दूधवाल्याला दार उघडलं तेवढ्यात गंग्या निसटला. तो दिवस आणि रविवारची दुपार मी त्याला शोधत फिरलो. कुत्र्यापायी तुझ्या पोराचा साखरपुडा चुकवला, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? खोटं बोललो, मग त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तुझे तीन फोन उचलले नाहीत. चूक झाली, बंड्या. रागव, पण पुढचं वाच. हे तुझ्याशिवाय मी कुणाला लिहू शकत नाही.

माझी तब्येत ठीक आहे. बीपीची गोळी चालू आहे. मीनाची कंबर थंडीत धरते, बाकी बरं.

तर गंग्या. तो गेला होता पंचवटीत, अण्णांच्या वाड्यावर. इंदिरानगरहून, एकटा. आणि एकदा नाही, आतापर्यंत तीनदा.

पहिल्यांदा दिवाळीनंतर गेला, तेव्हा मला वाटलं फटाक्यांनी बिथरला असेल. दुसऱ्यांदा हे साखरपुड्याच्या वेळचं. रविवारी दुपारी कुमुदमावशींचा फोन आला, "अरे विलास, तुमचा गंग्या ओट्यावर झोपलाय, कालपास्नं इथंच आहे." मी आख्खं इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाट्यापर्यंत पालथं घातलं होतं, आणि वाड्यावर बघायचं डोक्यात आलं नव्हतं. अण्णा आता हयात नाहीत, दाराला बिल्डरचं कुलूप आहे, तिथे तो पुन्हा कशाला जाईल, असा माझा हिशोब. त्याचा हिशोब वेगळा होता.

तुला तो दिवस आठवत असेल. २ ऑगस्ट २०१६. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नारोशंकराच्या देवळात पाणी, सगळी पंचवटी गच्चीवर. तू काकूंना न्यायला इंदूरहून आला होतास आणि अडकला होतास. अण्णा गुडघाभर पाण्यात उतरून भाजीच्या क्रेटमध्ये काहीतरी घेऊन आले आणि वर चढताना ते तुझ्या हातात दिलं. तुझ्या! चौदा इंजेक्शनं पोटात घेतलेल्या माणसाच्या! तू थरथरत होतास, पण सोडलं नाहीस. ओलं, डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू तुझ्या शर्टात नाक खुपसून झोपलं. गंगेने, आपल्या गोदावरीने, दिला म्हणून अण्णांनी नाव ठेवलं गंगाराम. आणि तू त्या रात्री मला म्हणालास, "विल्या, याच्या पोटाला लसणाचा वास येतो." तेवढ्यावरून मी ओळखलं की तुझी भीती गेली.

त्या चौदा इंजेक्शनांवरून आपण किती वर्षं भांडलो. तू म्हणायचास दगड मी मारला, मी म्हणायचो शिऱ्याने मारला. आता बावन्न वर्षांचा झालोय, सांगून टाकतो. दगड मीच मारला होता. कुत्रं माझ्यावर आलं, मी पळालो आणि तू सापडलास. सिव्हिलच्या रांगेत तू रोज पोट धरून उभा असायचास आणि मी तुला लिमलेटच्या गोळ्या आणून द्यायचो, त्या मैत्रीच्या नव्हत्या रे, अपराधाच्या होत्या. आता ती पोटातली लसही राहिली नाही, २००४ पासून आपल्याकडे बनवतच नाहीत. दंडात चार-पाच डोस घेतले की झालं.

गंग्याचा एक कान उभा, अल्सेशियनसारखा, दुसरा अर्ध्यावर मोडलेला. शेपूट मात्र अस्सल गावठी, वर वळलेली. लोक विचारायचे, "अण्णा, जात कोणती?" अण्णा म्हणायचे, "पंचवटी." एकदा कोणी फारच खोदून विचारलं तेव्हा मात्र चिडले. म्हणाले, "याच काळारामाच्या दारात माणसांना आत जायला १९३० साली सत्याग्रह करावा लागला. अजून जातच विचारता, ती पण कुत्र्याची?" समोरचा माणूस चहा टाकून गेला. प्रेसमध्ये तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी कधी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही.

आता गुरुवारचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

बुधवारी रात्री तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बसेना, खाईना. सईने मोबाइलवर काहीतरी वाचलेलं. चेक देशातल्या संशोधकांनी शिकारी कुत्र्यांना जीपीएसचे पट्टे घालून जंगलात सोडलं, आणि नव्या वाटेने परतणारी बरीच कुत्री आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण धावून मग घराची दिशा धरतात, असं त्यांना २०२० साली दिसलं. जी तसं धावली ती लवकर पोचली. सई म्हणाली, "बाबा, आपली गॅलरी उत्तरेला आहे." पंचवटी उत्तरेलाच. मी काही बोललो नाही. पण रात्री ठरवलं की याला अडवायचं नाही, याच्या मागे जायचं.

पहाटे पावणेपाचला दार उघडलं. पट्टा सोडला. तो जिन्याने उतरला (लिफ्टमध्ये अजून पाय ठेवत नाही, आणि फ्लॅटच्या फरशीवर मागचे पाय फाकतात म्हणून आम्ही सगळीकडे सतरंज्या घातल्यात). फाटकाशी थांबून त्याने मागे बघितलं. मी ॲक्टिव्हा सुरू केली. त्याला कळलं मी येतोय, आणि तो निघाला.

थंडी अशी की हँडलवर बोटं वळत नव्हती. तो रस्त्याच्या डाव्या कडेने, ना पळत ना रेंगाळत, कामावर निघालेल्या माणसासारखा चालला होता. इंदिरानगरच्या बोगद्यात एक डंपर आला तर भिंतीला चिकटून उभा राहिला, गेल्यावर पुढे. मुंबई नाक्यावर तो थांबला, बंडू. खरंच थांबला. दोन बायका भाजीच्या पाट्या घेऊन पलीकडे जायला उभ्या होत्या, त्या निघाल्या तसा त्यांच्या आडोशाने निघाला. हाच हमरस्ता पुढे मालेगाव, धुळे करत तुझ्या इंदूरला जातो. क्षणभर वाटलं, हा तुझ्याकडेच निघाला तर? पण त्याने गडकरी चौकाकडे वळण घेतलं. शालिमार, मग रविवार कारंजा. तिथे चार कुत्री अंगावर आली. पूर्वीचा गंग्या असता तर एकेकाला लोळवलं असतं. त्याने शेपूट खाली केली, मान वळवली आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवरून वळसा घालून गेला. नऊ वर्षांचा झालाय, त्यालाही कळतं.

होळकर पुलाच्या मधोमध तो पुन्हा थांबला. कठड्याच्या फटीतून नाक बाहेर काढून गंगेचा वारा घेतला. दोन-तीन मिनिटं. मी गाडी बंद करून उभा होतो. त्या अंधारात मलाही तो वास आला, ओल्या दगडाचा, शेवाळाचा, उदबत्तीचा. लहानपणी आपल्या कपड्यांना यायचा तो.

मग वाडा. बरोब्बर पाच चाळीसला ओट्यावर चढला आणि बसला. तोंड दाराकडे नाही, गल्लीकडे. भाऊसाहेबांनी टपरीवरून अर्धं बिस्कीट आणून पुढ्यात ठेवलं, अण्णा ठेवायचे तसं अर्धंच. ते खाल्लं. उठून रामकुंडाकडे. अण्णा ज्या पायरीवर टॉवेल ठेवायचे तिथे जाऊन बसला, माणूस आंघोळ करून बाहेर येईस्तोवर बसावं तेवढा वेळ. परत येताना कपालेश्वराच्या पायऱ्यांखाली थांबला, तिथे अण्णा चप्पल काढून लांबूनच हात जोडायचे. तिथून कुमुदमावशींच्या फुलांच्या पाटीपाशी. सात वाजता ओट्यावर येऊन अंगाची गुंडाळी करून झोपला.

इतके दिवस मी समजत होतो की तो अण्णांना शोधायला जातो. नाही रे. शोधणारं कुत्रं हुंगत फिरतं, रडतं, दार ओरबाडतं. याने दाराकडे मान वळवून बघितलं नाही. अण्णांची सकाळ आहे, ती तो करतोय. अण्णा नसले तरी ती व्हायला हवी, आणि इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर ती होत नाही.

मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसून ढसाढसा रडलो. दहाव्याला रडलो नव्हतो.

दहाव्याचं तुला माहीत आहे. पिंडाला कावळा शिवेना. दादाने वाड्याचं बोलून पाहिलं, सुमनताईने सईच्या लग्नाचं. अर्धा तास झाला, गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले होते. मी वाकून पुटपुटलो, "अण्णा, गंग्याला मी सांभाळतो." आणि लगेच कावळा उतरला. तू खांद्याला खांदा लावून उभा होतास, ते फक्त तू ऐकलंस. मी घरात आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता तूच सांग, सांभाळणं म्हणजे काय? शब्द मी दिला, पण अण्णांनी कोणता ऐकला?

घरात ठेवलं तर त्याला गोळ्या मिळतात. ऑक्टोबरात गोचीडताप झाला होता, प्लेटलेट्स बेचाळीस हजारांवर आल्या, असायला हव्यात दोन लाखांच्या वर. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन गुळाच्या खड्यात घालून मी दिली म्हणून तो वाचला. गल्लीत कोण देणार होतं? मागच्या पायाचा खुबाही झिजलाय, अल्सेशियनच्या रक्ताची देणगी. आणि सहा-सात किलोमीटर रहदारीतून रोज जायचं म्हणजे एक दिवस वाईट बातमी येणारच.

गल्लीत ठेवलं तर तो खूश. कुमुदमावशी म्हणतात, "राहू दे, मी भाकर घालीन." पण त्याच सत्तरीच्या पुढे गेल्यात. गाडीवाल्यांनी उचलला तर? रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदी करून, लस टोचून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असं २०२३ च्या नियमांत आहे. कुत्र्याचं ठिकाण असतं हे सरकारच्या कागदालाही कळलंय. पण गेल्या महिन्यात सुप्रीम कोर्टाने शाळा, दवाखाने, बस स्टँड, स्टेशनांवरची कुत्री तिथे परत सोडायची नाहीत असं सांगितलं, आणि त्यात २०२७ च्या कुंभाची कामं सुरू आहेत. म्हातारं कुत्रं कोणाच्या हिशोबात बसणार?

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे. संक्रांतीनंतर वाडा पाडणार. ओटा जाणार, तिथे पत्रे लागतील. बंडू, मला रात्री झोप येत नाही ती याने. तो पाच चाळीसला येईल आणि ओटा नसेल. माणूस गेलेलं त्याने सोसलं, कारण सकाळ शिल्लक होती.

मीनाशी बोललो. मला वाटलं होतं ती वैतागेल, सोसायटीतही लिफ्टवरून नि केसांवरून कुरबुरी झाल्यात. ती म्हणाली, "मग तुम्हीच न्या ना त्याला रोज." शुक्रवारपासून नेतोय. ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर तो पुढे बसतो, हनुवटी माझ्या गुडघ्यावर. टपरी, रामकुंड, कपालेश्वर, फुलं, सगळं करून साडेसातला परत. त्या तीन दिवसांत तो पोटभर जेवलाय आणि रात्री गॅलरीत गेला नाही. पण पुढच्या सोमवारपासून माझी पहिली पाळी लागते. आणि वाड्याचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

दादाला विचारलं तर तो म्हणेल, कुत्रंच आहे, रुळेल. म्हणून तुला विचारतोय. त्याला पहिल्यांदा तू धरलंस आणि तो शब्दही तूच ऐकलास.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर जिना चढतात का? चिन्मयला आणि सूनबाईंना आशीर्वाद, वाटी मी स्वतः आणून देणार आहे. तुझ्या बदलीचं झालं का काही? सविस्तर लिही.

११ जानेवारीला रविवार आहे. वाडा तोवर उभा असेल. आदल्या रात्री ये, इकडेच झोप. पहाटे पावणेपाचला त्याला सोडू आणि दोघं मागे जाऊ, गाडी नको, पायी. रामकुंडावर तो पायरीवर बसला की तू त्याच्याकडे बघ, मग मला सांग.

तुझा,
विलास

ता.क. चिवडा कुरिअरने पाठवतोय. वहिनींची कमी तिखटाची पुडी वेगळी आहे, तिला लाल दोरा बांधलाय.