ते कापड मी कापलं

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी सांगून टाकते. ट्रंकेतलं ते सोलापूरचं कापड मी कापलं. तुमच्या खोलीचे पडदे शिवून झालेत, अस्तर लावून. दादा शनिवारी येताना आणतोय.

दिवाळीत तू "घेऊन जा" म्हणालीस. कापायचं म्हणाली नव्हतीस, ठाऊक आहे मला. तळेगावच्या घरासाठी किती हौसेनं घेतलं होतंस तेही ठाऊक आहे. पण उलगडलं तेव्हा घडीच्या रेघेवर ते पिवळं पडायला लागलं होतं. आणखी काही वर्षांनी तिथेच विरलं असतं. आता निदान रोज डोळ्यांसमोर राहील. आणि रंग उडेल ही जी तुला धास्ती असते, त्यासाठीच अस्तर. ऊन सोसायचं ते मांजरपाट सोसेल, तुझ्या कापडाला झळ लागणार नाही.

बाबा, ऑपरेशननंतर तुम्हाला उजेड खुपतो आणि अकोल्याचा मे पंचेचाळिशीला जातो. ती पश्चिमेची खिडकी दुपारी तीननंतर तापते, तुम्ही तोंडावर पंचा घेऊन पडता. फोनवर तुम्ही म्हणत नाही, पण आई सांगते. बाजारात तयार ब्लॅकआउट पडदे मिळतात, पण मिट्ट काळोखात तुम्हाला गुदमरतं. याने उजेड मऊ होईल, वर्तमानपत्र वाचता येईल इतका.

शिवण तुझ्याच पद्धतीची आहे, आई. दोन्ही कापडं रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावली. दांडी पाच फुटांची, पन्हा ४८ इंच, म्हणून तीन पन्हे घेतले, दर पडद्याला दीड. अर्धा पन्हा भिंतीच्या बाजूला घातलाय, म्हणजे जोड मध्ये दिसत नाही. चुण्या भरगच्च पडतात. अस्तर रुंदीला कमी ठेवलं, त्यामुळे कडेला तुझंच कापड आत वळतं. खाली अस्तर इंचभर वर आणि मोकळं ठेवलंय. दोन कापडं सारखी ताणत नाहीत, खालून एकत्र शिवली तर पडदा फुगतो, हे तूच शिकवलंस. मधे दोन ठिकाणी दोऱ्याची साखळी घातली आहे, वाऱ्याने अस्तर उडू नये म्हणून. कोपऱ्यांत वजनाला नाणी शिवलीत.

शिवताना पायाशी टाचण्या पडत होत्या आणि मला सारखी आपली मधली खोली आठवत होती. तू मशीन चालवायचीस आणि मी खाली लोळत बाबांच्या लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचे. पायटा हलायचा त्याचा वारा लागायचा. मला तिथेच झोप यायची, गं.

आता ऐका. पडदे दादाच लावेल. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस. "एवढंसं तर आहे" म्हणून नाही आणि दादा आंघोळीला गेलाय म्हणूनही नाही. गुडघ्याचा पट्टा दिवसभर घालायचा. बाबा, डोळ्यांत थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, लगेच मोबाइल नाही.

खालची पट्टी मुद्दाम कच्च्या टाक्यांवर ठेवली आहे. आठवडाभर टांगलेले राहू देत, कापड वजनाने खाली बसतं. मग दादा परत आला की काढून देईल आणि तुरपाई तू कर. माझे टाके उजव्या बाजूला दिसतात, तुझे कधी दिसले नाहीत. सकाळच्या उजेडात, खुर्चीत बसून, एका वेळी एकच पडदा. पट्टी चार इंच दुमडलेली आहे, लांबी पटली नाही तर सोडता येईल. लांबीचं माप मी दादाकडून घेतलंय, म्हणून म्हणते.

उरलेला तुकडा पिशवीत आहे. त्यातलं अजून काही कापलेलं नाही, तू म्हणशील तसं करू. आणि कापल्याचा राग आला असेल तर फोनवर सरळ बोल, बाबांकरवी निरोप नको.

तुमची,
धाकटी