सुन्यास पत्र: दहाच क्लब ने

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून एक ओळ नाही माझी, हव्या तेवढ्या शिव्या दे. गुडघा आहे तसाच, बाकी ठीक. पण तुला जपानात, कोबेजवळच्या रोक्को डोंगरावर गोल्फ खेळायचं बोलावणं आलं हे कळलं, वर चौदा क्लबांनी (गोल्फच्या काठ्यांनी) फुगलेल्या बॅगेचा तो फोटो! तेव्हा मात्र राहवलं नाही.

अरे, तिथल्या कोबे गोल्फ क्लबात दहाच क्लब चालतात. डोंगर आहे तो, बॅग वाहणारा कॅडी पायी चढतो. आर्थर ग्रूम या इंग्रज चहा-व्यापाऱ्याने झुडपं उपटून 1901 साली तिथे चार होल, म्हणजे खेळायचे चार टप्पे, केले. 1903 ला नऊ झाले नि क्लब निघाला, 1904 ला अठरा. जपानमधलं गोल्फ इथूनच सुरू झालं. तेव्हा ग्रीनवर, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालायच्या पट्ट्यावर, गवत नव्हतं, दाबलेली वाळू असायची. तुझ्या पटिंगला तीच बरी होती!

आता दहा कुठले? पटर, सँड वेज, पिचिंग वेज, 9 ते 5 आयर्न, एक हायब्रिड आणि 5-वुड. ड्रायव्हर, तो सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, घरी. हो, तोच आपला जुना वाद, पण हिशोब बघ: पार, म्हणजे ठरलेले फटके, 61. दर होलला निदान तीन, म्हणजे अठरा त्रिक चोपन्न, वर उरले सात. म्हणजे निदान अकरा होल पार-3. एकूण लांबी जेमतेम चार हजार यार्ड. ड्रायव्हर मारणार कुठे, दरीत?

खरी काळजी उताराची. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो. क्लब इंचभर खाली धर आणि उजवीकडे नेम धर. उतारावर उभा असशील तर खांदे उताराला समांतर ठेव, चेंडू मागच्या पायाकडे घे. तू खांदे सरळ ठेवतोस, म्हणून क्लब आधी मातीत घुसतो. ग्रीन वर असेल तर दर तीन फूट चढाला एक यार्ड जास्त धर. उंचीवर हवा विरळ, तीनेक टक्के फायदा मिळेल, पण जूनच्या ओल्या धुक्यात त्याच्या भरवशावर राहू नकोस.

फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला बुटका बांबू माजलेला असतो. चेंडू तिकडे गेला की आधी प्रोव्हिजनल, म्हणजे हरवलाच तर म्हणून दुसरा चेंडू, मार, मग शोध. तीनच मिनिटं मिळतात. सापडला पण खेळता येईना, तर एका फटक्याचा दंड घेऊन दोन क्लबलांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप कर. घरंगळून बाहेर गेला तर पुन्हा एकदा. तरीही गेला, तर दुसऱ्यांदा टेकला तिथेच ठेव. लोक तिसऱ्यांदा ड्रॉप करत बसतात.

वर जायला केबल रेल्वे आहे, दहा मिनिटांची, पुढे बस. 1932 चं क्लबहाऊस नीट बघ, व्होरीस या अमेरिकन वास्तुविशारदाने बांधलंय.

नवं घर, वहिनींचा जपानीचा क्लास, पोराची शाळा, सगळं सविस्तर लिही.

तुझा,
विन्या

ता. क. ती क्लबलांबी पटर सोडून बॅगेतल्या सगळ्यात लांब क्लबने मोजतात. ड्रायव्हर नसला तर दोन लांब्यांत मिळून पाचसहा इंच कमी पडतील. हा मुद्दा तुला सुचण्याआधी मीच मान्य करतो. तरी तो घरीच ठेव.