मास्तरांना, मशिदीच्या तक्त्याबद्दल आणि किबल्याच्या रेषेबद्दल

आदरणीय मास्तर,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुह.

आपल्या रत्नागिरीच्या मशिदीच्या दारातला नमाजच्या वेळांचा नवा तक्ता आणि आतल्या फरशीवर किबल्याला, म्हणजे काब्याच्या दिशेला, धरून नव्याने मारलेल्या सफांच्या (नमाजच्या रांगांच्या) रेषा, दोन्ही तुमच्या मेहनतीमुळे झाल्या. सत्कार नको असं तुम्ही निक्षून सांगितलंत, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितो आहोत, कारण तुम्ही शिकवलेली रीत राजापूर, चिपळूण, खेड, कुठल्याही जमातीच्या कामाची आहे. आकडे गावागणिक थोडे बदलतील इतकंच.

सगळ्यात आधी मुंबईच्या तक्त्याबद्दल. कोकणातल्या कितीतरी मशिदींत तो वर्षानुवर्षं लागलेला असतो. मुंबई रत्नागिरीच्या अर्धा अंश पश्चिमेला, म्हणजे दोन मिनिटांचा फरक, तेवढा धरला की झालं, असा सगळ्यांचा समज. तुम्ही दाखवलंत की घोटाळा रेखांशात नाही, अक्षांशात आहे. मुंबई १९ अंशांवर, रत्नागिरी १७ वर. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईचा दिवस आपल्यापेक्षा लहान आणि उन्हाळ्यात मोठा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईची सुबह सादिक, म्हणजे रोजा जिथून सुरू होतो ती खरी पहाट, आपल्यापेक्षा जवळपास ५ मिनिटं उशिरा होते आणि सूर्य मात्र २ मिनिटं आधी बुडतो. म्हणजे मुंबईचा तक्ता बघून रोजा धरणारा रत्नागिरीकर सुबह सादिक झाल्यावरही खात असतो आणि सूर्य बुडायच्या आत रोजा सोडतो. दोन्ही चुका नको त्याच बाजूला. जूनमध्ये हेच उलटं होतं. सेहरी तीन-साडेतीन मिनिटं आधी बंद, इफ्तार सुमारे ६ मिनिटं उशिरा, त्यामुळे रोज्याला धोका नाही. २०१६-१७ च्या सुमारास रमजान जूनमध्ये होता, तेव्हा ही चूक कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत थंडीत शिरतो आहे आणि २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. तुम्ही हे काम आत्ताच हाती घ्यायला लावलंत ते किती वेळेवर झालं, हे त्या दोन रमजानांत कळेल.

तक्त्याचा पाया तुम्ही दुपारच्या सूर्यावर घातलात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि रत्नागिरी ७३.३ वर, म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेत सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी येतो. पण हे ३७ कायमचे नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वेळ १२:२० पर्यंत मागे येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५१ पर्यंत पुढे जाते. "जोहर (दुपारची नमाज) बारा महिने साडेबाराला" म्हणणाऱ्याला हा अर्ध्या तासाचा झोका दिसत नाही. सूर्याचं हे गणित इंग्रजी तारखांशी बांधलेलं असल्यामुळे तक्ता दायमी, म्हणजे कायमचा, होतो. लीप वर्षाने पडणारा फरक एखाद्या मिनिटाच्या आतबाहेर, म्हणून दरवर्षी नवा छापायची गरज नाही.

मगरिबसाठी, म्हणजे सूर्य बुडल्यावरच्या नमाजसाठी, सूर्याचं केंद्र क्षितिजाखाली ०.८३३ अंश गेलेलं धरायचं. त्यात हवेतल्या वक्रीभवनाची ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि सूर्याच्या अर्ध्या बिंबाची १६ कला. सपाट समुद्रकाठी एवढं पुरतं. पण आपल्याकडे खाली खाडी आणि वर सडा (खडकाळ पठार). समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीवर सूर्य मिनिटाभराने उशिरा बुडतो, आणि मशिदीची अजान सड्यावरच्या वाडीतही ऐकून रोजा सोडला जातो. म्हणून इफ्तारची वेळ सगळ्यात उंच घराच्या हिशोबाने घ्या, हा तुमचा आग्रह होता. वेळ पुढच्या पूर्ण मिनिटावर नेऊन वर २ मिनिटं एहतियात, म्हणजे सावधगिरीची सूट, धरायची.

हाच एहतियात पहाटे उलट्या बाजूला लागतो आणि तिथेच बहुतेक तक्ते फसतात. खत्मे सेहरी (सेहरीची अखेर) आणि फजरची (पहाटेच्या नमाजची) सुरुवात हा एकच क्षण आहे, म्हणून छापणारे एकच आकडा देतात. समजा गणिताने ५:३१:२० आले. सेहरी थांबवायची ती ५:२९ ला, आणि फजरची अजान द्यायची ती ५:३४ ला. एकाच आकड्यात २ मिनिटं मिळवली तर रोजा धोक्यात, वजा केली तर नमाज धोक्यात. तुम्ही दोन रकाने वेगळे केलेत, त्यामुळे मुअज्जिनने (अजान देणाऱ्याने) आणि घरातल्या बाईने कोणता आकडा पाहायचा याचा वादच उरला नाही.

पहाटेचा अंश कोणता, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना सुबह सादिक मानायची, हा भाग सगळ्यात नाजूक. मोबाइलमधली दोन अॅप दोन वेळा दाखवतात तेव्हा पोरं म्हणतात अॅप बिघडलंय. अॅप ठीक असतं, त्यातली पद्धत वेगळी असते. कराचीची पद्धत फजर आणि इशा (रात्रीची नमाज) दोन्हींना १८ अंश धरते, मुस्लिम वर्ल्ड लीगची फजरला १८ आणि इशाला १७, मिसरची (इजिप्तची) १९.५ आणि १७.५, उत्तर अमेरिकेतली १५ आणि १५. मक्केच्या उम्मुल कुरा तक्त्यात तर इशा मगरिबनंतर सरळ ९० मिनिटांनी, रमजानमध्ये १२० मिनिटांनी. तीन अंशांचा फरक आपल्या अक्षांशावर बारा ते पंधरा मिनिटांचा होतो. तुम्ही सगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी मांडलेत आणि तिथे थांबलात. सूर्य किती वाजता किती अंश खाली असेल ते गणित सांगेल, सुबह सादिक कितव्या अंशाला मानायची ते मुफ्तीसाहेब सांगतील, असं तुम्ही स्वच्छ म्हणालात. त्यांनी १८ सांगितले आणि तक्त्याच्या तळाशी तुम्ही तेच छापायला लावलंत, "फजर १८ अंश, इशा १८ अंश, मगरिब एहतियात २ मिनिटं". कोणत्या हिशोबाने वेळा काढल्या हे न लिहिणारा तक्ता कुणाला तपासताच येत नाही. गणिताची आणि फतव्याची ही हद्द तुम्ही कुठेही ओलांडली नाहीत, आणि आमच्या दृष्टीने तुमच्या मदतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या, बाबतीतही तसंच. आपण कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे (धर्मशास्त्राच्या पंथाचे), पण मोहल्ल्यात आता उत्तरेकडून आलेली आणि घाटावरची हनफी मंडळीही बरीच आहेत. शाफई मजहबात वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर लागते, हनफी मजहबात रूढ मताप्रमाणे दुप्पट झाली की. दोन्हींत दुपारची मूळ सावली, म्हणजे साया-ए-अस्ली, वेगळी मिळवायची. हे विसरलं की डिसेंबरमध्ये सगळं चुकतं, कारण तेव्हा आपल्याकडे भर दुपारीही एका मीटरच्या काठीची सावली ८५ सेंटिमीटर असते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती शून्यावर येते. दोन असरींतलं अंतर तुम्ही काढून दाखवलंत. डिसेंबरात पाऊण तास, २१ मार्चला एक तास (४:०६ आणि ५:०६), जूनमध्ये सव्वा तासाला थोडं कमी. तक्त्यात दोन्ही वेळा छापल्या आहेत, जमात शाफई वेळेला होते. इमाम अबू हनीफांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचं मतही एका सायाचंच (एका सावलीचंच) आहे हे पेशइमामांनी जुम्माच्या बयानात सांगितलं. ज्यांना दुप्पट सावलीपर्यंत थांबायचं ते थांबतात, कुणी कुणाला टोकत नाही.

आता किबला. रत्नागिरीहून काबा ३,५०० किलोमीटरहून थोडा लांब आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे ८ अंशांच्या आसपास दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर ती साडेतेरा अंशांच्या जवळ, नेमकं बोलायचं तर उत्तरेपासून उजवीकडे मोजत २८३.४ अंशांवर येते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्याने हा पाच-साडेपाच अंशांचा फरक पडतो. होकायंत्राबद्दल तुम्ही आधीच सावध केलं होतंत. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक कोकणात लहान आहे, तो फारसा नडत नाही. नडतात स्लॅबमधल्या सळ्या, लाउडस्पीकरचं चुंबक आणि मोबाइलच्या कव्हरमधली चुंबकी क्लिप. मशिदीच्या आत एका खांबाजवळून दुसऱ्या खांबाजवळ गेलं की काटा फिरतो.

म्हणून सूर्य. २७-२८ मेला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी २:४८ ला आणि १५-१६ जुलैला २:५७ ला सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याकडे तोंड म्हणजे किबल्याकडे तोंड. जुलैत आपल्याकडे पाऊस, त्यामुळे मेचाच मुहूर्त खरा. दोन मीटर उंचीवरून ओळंबा सोडायचा, खाली जमीन पाणसळीने सपाट करून घ्यायची. सुतळीची सावली साधारण सव्वा मीटर पडते. कडा धूसर दिसते कारण सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे, तेव्हा खूण सावलीच्या मध्यावर करायची. बारीक दोरीची सावली पुसट होते, जाड सुतळीच घ्यावी. आणि सावलीच्या टोकाकडून ओळंब्याकडे जाणारी बाजू किबल्याची, सावली पडते ती बाजू नव्हे. घाईत इथेच लोक बरोबर उलटी रेषा मारतात. रत्नागिरीत त्या वेळी सूर्याची दिशा इतकी हळू बदलते की ५ मिनिटं मागेपुढे झाली तरी फरक अंशाच्या दहाव्या भागाएवढाही पडत नाही. वळवाच्या ढगांनी एक दिवस गेला तर पुढचा दिवसही चालतो.

त्या दिवसांत ढग हटलेच नाहीत तर काय, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं. मग दुसऱ्या कुठल्याही उन्हाच्या दिवशी सपाट जागी काठी उभी करून भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे आत शिरताना शिवतं आणि दुपारनंतर जिथे बाहेर पडताना शिवतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम मिळते. आपल्या जुन्या ज्योतिषातली ही शंकूची रीत अरबी ग्रंथांत दाइरा हिंदिया, हिंदी वर्तुळ, या नावाने शिकवली जाते. त्या रेषेवर पश्चिमेला १० मीटर जायचं, तिथून गुण्या लावून उत्तरेला २ मीटर ३८ सेंटिमीटर, आणि सुरुवातीच्या बिंदूपासून तिथवर फक्की मारायची. गवंड्यालाही कोनमापक लागत नाही.

रेषा निघाल्यावर भिंती पाडायची भाषा सुरू झाली, ती तुम्ही थांबवलीत. इमारत आहे तशी राहू द्या, सफा फिरवा. नऊ मीटर रुंदीच्या दालनात साडेपाच अंश फिरवलं की पुढच्या एका कोपऱ्यात सुमारे ८६ सेंटिमीटरचा त्रिकोण वाया जातो, म्हणजे एका बाजूला जवळपास एक सफ. तिथे कुराण ठेवायचं कपाट आलं. विणलेल्या पट्ट्यांचा जुना गालिचा काढून साधी चटई घेतली, कारण गालिच्याची पट्टी एक सांगते आणि फरशीची रेषा दुसरं. शाफई मजहबात लांबच्या माणसानेही काब्याच्या नेमक्या दिशेचा प्रयत्न करावा असं मान्य मत आहे, हनफींकडे त्या बाजूला तोंड असणं पुरतं. तेव्हा आमच्या जमातीला ही दुरुस्ती गरजेचीच होती. मागच्या नमाजांचं काय, हा प्रश्नही तुम्ही मुफ्तीसाहेबांकडेच सोपवलात.

चौदाव्या शतकात दमिश्कच्या उमय्या मशिदीत इब्न अश-शातिर हे मुवक्कित होते, वेळा सांगणं हे त्यांचं नेमलेलं काम. मिनारावर त्यांनी १३७१ मध्ये बसवलेलं छायायंत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या कितीतरी आधी अल-बिरूनींनी गझनीचा किबला काढण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश मोजण्याचा खटाटोप केला. हे काम इमामतीइतकंच मशिदीचं आहे आणि त्याला माणूस नेमावा लागतो, हे तुमच्यामुळे आमच्या ध्यानात आलं. जमातीने आता दोन मुलं आणि एक मुलगी या कामाला नेमली आहेत, तिघंही बारावी सायन्सची. दर जुम्म्याला मशिदीचं घड्याळ मोबाइलच्या नेटवर्कच्या वेळेशी लावणं आणि दर मेमध्ये ओळंबा सोडून रेषा तपासणं त्यांच्याकडे. तुमची गणिताची वही आणि संगणकातली फाइल कमिटीच्या कपाटात आहे. दुसऱ्या जमातीला हवी तर नक्कल मिळेल, फक्त त्यांनी आपले अक्षांश-रेखांश घालून सगळं नव्याने काढावं, आमचा तक्ता तसाच लावू नये.

एक काम अजून बाकी आहे. सड्यावरच्या वाडीची उंची तुम्ही नकाशावरून धरली होती. पाऊस संपला की पोरं ती पाणीनळीने मोजून आकडा तुम्हाला आणून देतील. बदल निघाला तर मगरिबचा रकाना तुमच्याच हातून दुरुस्त व्हावा, एवढी विनंती.

अल्लाह तुम्हाला सेहत देवो आणि या कामाचा अज्र देवो. जज़ाकल्लाहु खैरन.

आपली,
जमात कमिटी आणि मोहल्ल्यातले सर्व लहानथोर